लघवीची नळी, संसर्ग आणि नातेवाइकांच्या हातातला मोबाइल

प्रश्न: परिसेविका, सिंधुदुर्ग

नमस्कार. मी एका रुग्णालयात वॉर्डाची परिसेविका आहे. खुब्याचे हाड मोडलेले, प्रोस्टेटचा त्रास असलेले आणि अर्धांगवायूचे वयस्क रुग्ण आमच्याकडे पुष्कळ असतात. त्यांपैकी अनेकांना लघवीची नळी घातलेली असते आणि गरज संपल्यावरही काहींची नळी तशीच राहते. नेदरलँड्समधील लायडेन विद्यापीठाच्या रुग्णालयाने नळीचा अनावश्यक वापर कमी व्हावा म्हणून थेट रुग्णांसाठी अ‍ॅप तयार केल्याचे वाचनात आले. आमच्या रुग्णांजवळ बसणाऱ्या मुलाकडे किंवा सुनेकडे स्मार्टफोन असतोच. त्याचा असा उपयोग करता येईल, की डॉक्टरांना तो आगाऊपणा वाटेल?

उत्तर १: मूत्रशल्यचिकित्सक, रत्नागिरी

सिस्टर, आगाऊपणा वाटणारे काही जण निघतीलच, पण त्यांना पुढील गोष्ट दाखवावी. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, नळी घातलेल्या रुग्णांपैकी २८ टक्के रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांना त्या नळीची कल्पनाच नव्हती आणि वरिष्ठ डॉक्टरांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होते. ज्याच्या अंगात ती नळी आहे, त्याला मात्र तिचा क्षणभरही विसर पडत नाही. म्हणून विचारणारा तोच असणे योग्य.

नळी आत असताना लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के असते. नळीच्या आतबाहेर जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्यावर प्रतिजैविकांचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे गोळ्या देत राहण्यापेक्षा नळी लवकर काढणे हाच खरा उपाय आहे. नातेवाइकांच्या मोबाइलवर तुम्ही द्याल त्या संदेशात रोज सकाळी एवढाच प्रश्न असावा : ‘आज ही नळी कशासाठी ठेवली आहे?’ लघवी तुंबणे, काही शस्त्रक्रिया, अत्यवस्थ रुग्णाच्या लघवीचे तासागणिक मोजमाप ही कारणे पटण्यासारखी आहेत. ‘चादर वारंवार बदलावी लागते’ हे कारण नव्हे.

त्याच संदेशात एक ताकीद ठळकपणे द्यावी. नळीच्या टोकाशी पाण्याने फुगवलेला फुगा असतो, तेव्हा घरच्यांनी ती स्वतः ओढून काढल्यास मूत्रमार्गाला गंभीर इजा होते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर तर नळी ठरलेल्या मुदतीपर्यंत राहिलीच पाहिजे. नातेवाइकांनी विचारावे, काढण्याचा निर्णय वॉर्डानेच घ्यावा.

उत्तर २: देवगडकर, सध्या डोंबिवली

माझे वडील गावाकडील एका रुग्णालयात दाखल असताना जवळ काकू होत्या आणि मी फोनवर. त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रात लघवीची पिशवी कॉटच्या कठड्याला, म्हणजे वडिलांच्या कमरेहून वर, अडकवलेली दिसली. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, परंतु जमिनीला टेकता कामा नये, हे काकूंना कोणी सांगितलेच नव्हते. पिशवी रिकामी करण्यापूर्वी व नंतर हात धुणे, तोटी भांड्याला न लावणे, प्रत्येक रुग्णासाठी वेगळे भांडे वापरणे आणि नळी व पिशवी यांचा जोड न उघडणे, एवढे दाखवणारी छोटी चित्रफीत मिळाली असती तर त्यांनी ते सारे काटेकोरपणे केले असते. आपल्याकडे निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात, हे परदेशी अ‍ॅपवाल्यांना कदाचित सुचणार नाही.

उत्तर ३: संगणक अभियंता, चिपळूण

नवे अ‍ॅप बनवू नका. ते उतरवून घेण्यातच दिवस जाईल, शिवाय जवळ बसणारे माणूस रात्री बदलते आणि फोनही त्याच्याबरोबर घरी जातो. कॉटजवळ क्यूआर कोड लावा. तो स्कॅन केल्यावर मालवणीतील ध्वनिफीत सुरू व्हावी, कारण सत्तरीतल्या आजींना छापील प्रमाण मराठीपेक्षा ती जवळची वाटेल. रेंज नसेल तेव्हासाठी तोच मजकूर छापून भिंतीवर लावावा. रुग्णाचे नाव असलेली छायाचित्रे मात्र व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू देऊ नयेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. ध्वनिफीत आमच्याच एका सिस्टरच्या आवाजात करून घेते. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणे किंवा वृद्ध रुग्णाने अचानक असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काही दिसल्यास तत्काळ सांगावे, हेही त्यात घालीन. नातेवाइकाने विचारलेला प्रश्न आणि डॉक्टरांनी दिलेले कारण सकाळच्या फेरीतच केसपेपरवर लिहिले जावे, असा प्रस्ताव वैद्यकीय अधीक्षकांपुढे मांडते. नाहीतर विचारणाऱ्याला उत्तर देणार कोण, हा प्रश्न माझ्याच टेबलावर येऊन पडेल.