मदत हवी आहे : एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या आधी काठमांडूत दोन रात्री पंचतारांकित मुक्काम

मंडळी, ऑक्टोबर अखेरीस आम्ही दोघं ईबीसीला जातोय. नंतर दोन आठवडे लॉजमध्येच राहायचंय, म्हणून आधी दोन रात्री चांगल्या हॉटेलात काढाव्यात असा बेत आहे. कोणता भाग बरा? आणि तिथेच काय काय उरकून घ्यावं?
– पाऊलखुणा

डोंगरवारा : बुकिंगच्या आधी लुक्लाचं (जिथून चालायला सुरुवात होते) विमान कुठून आहे ते बघा. गर्दीच्या हंगामात बहुतेक उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात. रस्ता चार-पाच तासांचा आणि उड्डाणं पहाटेची, म्हणजे हॉटेलातून रात्री एक-दोनला निघणं आलं. दुसऱ्या रात्रीचे पूर्ण पैसे भरून झोप मिळणार जेमतेम तीन-चार तास, आणि नाश्ताही बुडणार (आदल्या संध्याकाळी सांगितलं तर बांधून देतात).

माझं मत विचाराल तर आधी एकच रात्र महागडी घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारीच मंथली गाठून साध्या लॉजवर झोपा. उरलेली चैन ट्रेकनंतर करा. पण परतीचं लुक्लाचं विमान हवामानामुळे एक-दोन दिवस सहज लटकतं, त्यामुळे ते बुकिंग रद्द करता येणारंच हवं.

खिंडकरी : भागाचं म्हणाल तर खरेदी ठामेलमध्ये, म्हणून दरबार मार्गावरचं याक अँड यति हॉटेल सोयीचं, चालत जाता येतं. द्वारिकाज बत्तीसपुतलीत आहे, विमानतळ आणि पशुपतिनाथ जवळ. जुन्या कोरीव लाकडी खिडक्या बघायच्या तर तेच. हयात हॉटेल बौद्धनाथाजवळ, शांत, पण ठामेलला जायचं तर ट्रॅफिकमध्ये वेळ मोडतो.

चेक-इन करतानाच सामान ठेवायची सोय विचारा. लुक्लाच्या विमानात माणशी साधारण 15 किलोच चालतं : 10 डफलमध्ये (मोठी मऊ बॅग), 5 हातातल्या बॅगेत. बाकीची बॅग हॉटेलात कुलूप लावून ठेवा, पावती घ्या. परत त्याच हॉटेलात उतरणार असाल तर हे सोपं जातं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. गॅसचं कॅनिस्टर विमानात चालत नाही. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग ठामेलमध्ये भाड्याने मिळतात, पण चेन पूर्ण उघडझाप करून बघितल्याशिवाय घेऊ नका. बूट मात्र घरूनच, वापरून मऊ झालेले.

पाऊलखुणा : धन्यवाद! दोन दिवस तिथे राहिल्याने उंचीची सवय होते का?

डोंगरवारा : नाही. काठमांडू 1,400 मीटरच्या आसपास, लुक्ला 2,860. खरी सवय वाटेतल्या नामचे गावी (3,440) दोन रात्री काढल्यावर सुरू होते. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

खिंडकरी : एक राहिलं. बुफेतलं कच्चं सॅलड, कापलेली फळं टाळा, हॉटेल कितीही भारी असो. इथे बिघडलेलं पोट फाकदिंगला (लुक्लानंतरचा पहिला मुक्काम) गाठतं आणि शरीरातलं पाणी कमी झालं की वर चढणं अवघड होतं. धुळीसाठी मास्क लावा, घसा इथूनच धरला तर वरच्या कोरड्या हवेत खोकला हटत नाही. रोख नेपाळी रुपये इथेच काढा (भारतीय 100 म्हणजे नेपाळी 160). नामचेला एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रत हवी, आधार भारत-नेपाळ विमानप्रवासात चालणार नाही.