ओव्हन १८० अंशांवर लावूनही आत १५० अंशच राहतात. सेन्सर बदलावा का?

प्रश्न:
आमच्या भिंतीत बसवलेल्या डिजिटल ओव्हनमध्ये अलीकडे केक मधोमध कच्चा राहतो आणि नानकटाईला रंग चढत नाही. आत वेगळा तापमापक ठेवून पाहिले, तर पडद्यावर १८० अंश दिसत असताना तो १५०च्या आसपास घुटमळतो. दुरुस्तीवाल्यांनी सेन्सर बदलायला सांगितले आहे. खर्च करण्यापूर्वी दोष सेन्सरचाच आहे, याची खात्री मल्टीमीटरने करता येईल का?

उत्तर १:
करता येईल. त्याआधी ओव्हनचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा खटका) खाली पाडा आणि ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या. अशा ओव्हनमध्ये अनेकदा प्लॅटिनमचा पीटी१००० सेन्सर असतो. त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) शून्य अंशाला १००० ओहम असतो आणि दर अंशामागे तो सुमारे ३.८५ ओहमने वाढतो, म्हणून २७ अंशांच्या खोलीत तो ११०५च्या जवळपास भरायला हवा. पीटी५०० असल्यास आकडा निम्मा येईल. सेन्सरच्या धातूच्या नळीशी कोणत्याही तारेचा संपर्क मिळाला, तर मात्र तो बदलावाच लागेल.

उत्तर २:
कृपया मोजमाप दोन ठिकाणी घ्या: कनेक्टर सोडवून थेट सेन्सरच्या तारांवर, आणि तो पुन्हा जोडून कंट्रोल बोर्डाकडच्या टोकाला, बोर्डावरून प्लग काढून. बोर्डाला तापमान कळत नाही, फक्त एकूण रोध कळतो. कनेक्टर गंजून किंवा जळून शंभरएक ओहम वाढले, की बोर्ड ओव्हनला पंचवीस-तीस अंश अधिक तापलेला समजतो आणि हीटर लवकर बंद करतो. तुमचे लक्षण नेमके तेच आहे, आणि अशा वेळी नवा सेन्सरही तसाच वागेल.

उत्तर ३:
ज्यांच्याकडे गोल खटक्याचा साधा ओटीजी आहे, त्यांना ही तपासणी लागू नाही. त्यात सहसा यांत्रिक थर्मोस्टॅट असतो.

प्रश्नकर्ता:
सेन्सरवर ११०६ ओहम आणि बोर्डाच्या टोकाला १२१८ ओहम आले. मागच्या बाजूचा कनेक्टर काळा पडला आहे. तारा थेट जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली तर चालेल का?

उत्तर २:
चिकटपट्टी तिथल्या उष्णतेत टिकणार नाही. जळका भाग कापून सिरॅमिक कनेक्टर आणि उष्णतारोधक आवरणाची तार वापरा, आणि झाकण लावण्यापूर्वी दोन्ही टोकांचे आकडे जुळतात का, ते पुन्हा पाहा.