अनुभव धागा: 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' ही मालिका नेमकी कुठे खटकली, कुठे जमली?

आर्द्रा
भाची सध्या स्टार ट्रेकमधली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' बघतेय, कॅप्टन पाईकची. परवा विचारत होती, "मावशी, पाईकला स्वतःचं पुढे काय होणार ते आधीच कसं माहीत?" म्हटलं, 'डिस्कव्हरी'चा दुसरा सीझन, बारावा भाग बघ. तर म्हणे, "ती नको, ती वाईट आहे असं सगळे म्हणतात." आणि २०१७ सालची सगळी भांडणं आठवली.

आता मालिका संपलीय (मे २०२४, पाच सीझन, ६५ भाग), डोकीही थंड झालीत. म्हणून हा धागा. नुसतं भारी किंवा बकवास नको. कुठला भाग, काय बिनसलं, का बिनसलं ते लिहा. स्पॉयलर चालतील.

माझ्यापासून सुरुवात. 'एंटरप्राइज' ही आधीची मालिका मे २००५ मध्ये बंद पडली, त्यानंतर बारा वर्षांनी टीव्हीवर स्टार ट्रेक आलं आणि पहिल्या दोन भागांत डिस्कव्हरी हे जहाजच नाही! ते येतं तिसऱ्या भागात. लोर्का, स्टॅमेट्स, टिली ही मुख्य पात्रंही तिथेच. आधीचे दोन भाग शेनझोऊ या दुसऱ्या जहाजावर, आणि त्या जहाजाची कॅप्टन दुसऱ्या भागात मरते. त्यात अमेरिकेत पहिला भाग सीबीएसवर फुकट आणि दुसऱ्यापासून त्यांच्या ॲपचे पैसे. म्हणजे ज्याने एकच भाग बघितला त्याला ना जहाज दिसलं ना खरी माणसं, वर बिल पुढे. तिकडचा निम्मा राग तिथला आहे असं माझं मत. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी नेटफ्लिक्सवर आली, त्यामुळे तो भाग आपल्याला जाणवलाच नाही.

वामकुक्षी
क्लिंगॉन, ती परग्रहावरची लढवय्यी जमात. बस्स. बाकी जेवण झाल्यावर लिहितो

शेंगदाणेवाला
वामकुक्षी, जेवून या, तोवर मी क्लिंगॉनांची बाजू घेतो :)

त्यांचं रूप बदलणं नवीन नाही. १९६७ साली पहिल्यांदा आले तेव्हा कपाळ सपाट, नुसता रंग फासलेला आणि मिशा. १९७९च्या सिनेमात कपाळावर उंचवटे आले. १९९६ साली 'डीप स्पेस नाइन'ने यावर विनोद केला, त्यातला क्लिंगॉन वॉर्फ म्हणतो की हा विषय आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. २००५ साली 'एंटरप्राइज'ने दोन भाग खर्चून कारण दिलं (जनुकांचे प्रयोग, मग साथ). म्हणजे २६ वर्षं कुणाला कारण लागलं नव्हतं.

२०१७ ला राग आला त्याचं कारण वेगळं. केस काढले, डोकं मागे लांब केलं, कपडे-जहाजं सगळं एकदम बदललं. ओळखीची एकही खूण शिल्लक ठेवली नाही. बाकी काही न बदलता नुसते केस ठेवले असते तरी अर्धी बोंब झाली नसती. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात केस परत आले, कारण काय तर युद्धात काढले होते, आता वाढवताहेत. चालतंय.

वामकुक्षी
आलो. केसांचं सोडा हो. ते बोलतात कसे ते बघा. तोंडात अख्खा पेढा ठेवून बोलल्यासारखं. चेहऱ्यावर रबराचा जाड थर, वर खोटे दात, वर परकी भाषा. नटाला भुवई हलवता येईना, मग प्रत्येक वाक्य सावकाश आणि एकाच सुरात. पहिल्या दोन भागांत अशी लांबलचक दृश्यं आहेत. भाषा मात्र अस्सल, भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रांडने बनवलेली, व्याकरणासकट. नेटफ्लिक्सने क्लिंगॉनमध्ये सबटायटलसुद्धा दिली होती, ती कोण वाचणार देव जाणे.

मोडकाफोन
क्लिंगॉन सबटायटल लावून आईला टीव्ही द्यायचा, मग सगळ्या खोल्यांतून हाका ऐकायच्या 😂

डीबी_मुलुंड
कथेवर बाकीचे लिहितीलच, मी पडद्यावर लिहितो. "फार अंधारी आहे", "काही ऐकू येत नाही" या तक्रारी निम्म्या टीव्हीच्या सेटिंगमुळे असतात.

पहिला सीझन २:१ आकारात आहे, दुसऱ्यापासून २.३९:१. आपला टीव्ही १६:९. म्हणजे पहिल्या सीझनला उंचीतले साधारण ११ टक्के काळ्या पट्ट्यांत जातात, दुसऱ्यापासून जवळपास २६ टक्के. ४३ इंची टीव्हीची उंची साडेत्रेपन्न सेंमी धरा, दुसऱ्या सीझनपासून चित्र उरतं फक्त चाळीस सेंमी. झूम करून पट्ट्या घालवू नका, दोन्ही कडेची माणसं कापली जातात आणि क्लिंगॉन दृश्यांत सबटायटलही.

१) पिक्चर मोड 'व्हिव्हिड' वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' वर. २) मोशन स्मूदिंग बंद. ही मालिका कॅमेरा गोल फिरवते, तिरका करते, त्यात स्मूदिंग चालू असेल तर डोकं गरगरतं. ३) खोलीतला दिवा टीव्हीच्या मागे, समोर नको. पडद्यात ट्यूबलाइट दिसत असेल तर ब्रिजवरचे (जहाज चालवतात त्या खोलीतले) अर्धे चेहरे गेलेच. ४) आवाज ५.१ वरून स्टिरिओ करा. संवाद मधल्या चॅनेलला असतात, टीव्हीचे दोनच स्पीकर असले की संगीत त्यावर चढतं. नायिका बर्नहॅम कुजबुजते, तेव्हा हे फार जाणवतं. ५) इंग्रजी सबटायटल पूर्ण चालू ठेवा.

निळीमांजर
@डीबी मोशन स्मूदिंग आमच्या टीव्हीत सापडतच नाहीये, मेनूत कुठे असतं?

डीबी_मुलुंड
प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. पिक्चर > ॲडव्हान्स्ड / एक्स्पर्ट मध्ये जा, ज्या नावात 'मोशन' किंवा 'क्लॅरिटी' आहे ते बंद करा. आणि बऱ्याच टीव्हींत एचडीएमआयच्या प्रत्येक पोर्टला सेटिंग वेगळं असतं, एकाला बदललं म्हणून दुसऱ्याचं बदलत नाही.

निळीमांजर
सापडलं!! सासूबाईंची मालिका पण आता सिरियलसारखी दिसतेय, आधी लग्नाच्या व्हिडिओसारखी दिसायची

काळाकोळसा
मूळ मुद्दा: ही मालिका मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या दहा वर्षं आधी (२२५६) ठेवली हीच गफलत. तिथे ठेवली की तीन प्रश्न आपोआप येतात.

कर्कच्या जहाजावरच्या स्पॉकला बहीण (बर्नहॅम)? खरं तर हा सगळ्यात कच्चा आक्षेप. स्पॉक घरचं सांगतच नाही. १९६७च्या 'जर्नी टू बेबल'मध्ये आईवडील जहाजावर येऊन उभे राहतात तेव्हा कर्कला कळतं. १९८९च्या सिनेमात सावत्र भाऊ निघाला. मग मानलेली बहीण का नको?

दुसरा, होलोग्राम. कर्ककडे साधा पडदा आणि दहा वर्षं आधीच्यांकडे खोलीत उभी राहणारी माणसं. यावर दुसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात पाईक सांगतो, एंटरप्राइजवरची ती यंत्रणा काढून टाका. एका वाक्यात मिटवलं.

तिसरा खरा अवघड, स्पोर ड्राइव्ह. बुरशीच्या जाळ्यातून क्षणात आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला. एवढी चीज हाताशी होती तर 'व्हॉयेजर' मालिकेतल्या दूर भरकटलेल्या जहाजाला घरी यायला सात सीझन का लागावेत? दुसऱ्या सीझनच्या शेवटी सगळी कागदपत्रं गोपनीय, जहाज नऊशे तीस वर्षं पुढे, आणि स्पॉकने विषय काढायचा नाही. म्हणजे चौदा भागांतला बराचसा जोर पहिल्या सीझनची भोकं बुजवण्यात गेला.

वामकुक्षी
आणि पुढे नेल्यावर मालिका मोकळी झाली हे पण लिहा की

काळाकोळसा
झाली की. मग ३०६९ची 'द बर्न' आणली. जहाजांच्या इंजिनाला लागणारं डायलिथियम सगळीकडे एका क्षणी निकामी, जहाजं फुटली, फेडरेशन (ग्रहांचा संघ) कोसळलं. दहा भाग उत्सुकता ताणली आणि कारण काय, तर एका मुलाची किंकाळी.

आर्द्रा
ते अन्याय करून सांगताय. गर्भात असल्यापासून त्याच्यावर डायलिथियमच्या ग्रहाचे परिणाम झालेले, आई गेल्यावर तो ओरडला तो डायलिथियममधून पसरला. तेराव्या भागात डॉक्टर कल्बर नीट समजावतो. विज्ञान म्हणून ओढाताण आहे, मान्य. पण जुन्या मालिकेत देव, दानव, आरशातलं विश्व चालतं आणि इथे रडणारं पोर चालत नाही?

काळाकोळसा
चालतं, एका भागाच्या गोष्टीत चालतं. तेरा भागांच्या कोड्याचं उत्तर म्हणून तोकडं पडतं. माझा मुद्दा मापाचा आहे. जुन्यात गोष्ट ५० मिनिटांत संपायची, फसली तर पुढच्या आठवड्यात नवी. इथे उत्तर फसलं की अख्खा सीझन मागे वळून फसतो.

टपालपेटी
यावरून आठवलं, व्होक आणि टायलर! ॲश टायलर पाचव्या भागात आला १५ ऑक्टोबर २०१७ ला, तो मुळात व्होक हा क्लिंगॉन आहे हे उघड केलं जानेवारी २०१८ मध्ये, अकराव्या भागात. मध्ये सुट्टी धरून तीन महिने. श्रेयनामावलीत व्होकचा नट म्हणून 'जावेद इक्बाल' असं नाव टाकलेलं, असा नट अस्तित्वातच नव्हता. लोकांनी त्याची जुनी कामं शोधली, काहीच मिळेना, तिथेच बिंग फुटलं. दर आठवड्याला एक भाग देऊन असं गुपित टिकत नाही. आज सलग बघणाऱ्याला तोच धक्का व्यवस्थित बसतो, कारण मध्ये विचार करायला वेळच नाही. तेव्हा फसलेली गोष्ट आता जमते, संहितेत अक्षर न बदलता.

मोडकाफोन
दूरदर्शनवर जुनी लागायची ती कोणाला आठवते का? रविवारी सकाळी

शेंगदाणेवाला
आठवते तर! पुढे केबलवर 'नेक्स्ट जनरेशन' आली. तिचा पहिला सीझन (१९८७) आज लावून बघा, मग 'डिस्कव्हरी'ला नावं ठेवा. तेव्हाही कर्क-स्पॉकशिवाय स्टार ट्रेक कसलं म्हणून चाहते भांडत होते.

मोडकाफोन
त्यातला तो दाढीवाला छान होता

शेंगदाणेवाला
रायकर. दाढी दुसऱ्या सीझनला. तोच नट, जोनाथन फ्रेक्स, त्याने 'डिस्कव्हरी'चे भाग दिग्दर्शित केले. पहिल्या सीझनचा दहावा, दुसऱ्याचा दुसरा आणि नववा हे त्याचे.

कोथिंबीर_जुडी
दुसऱ्याचा नववा म्हणजे एरियमचा. माझी मोठी तक्रार त्याच भागाबद्दल, पण दिग्दर्शनावर नाही, लेखनावर. एरियम पहिल्या सीझनपासून ब्रिजवर बसलेली. चेहरा यंत्राचा का, नवरा कोण होता, आठवणी कशा साठवते हे सगळं सांगितलं कधी, तर ज्या भागात ती मरते त्याच भागात. तरी रडू येतं हे फ्रेक्सचं कौशल्य. डेटमर, ओवोसेकुन यांचंही तेच, इतके सीझन ब्रिजवर आणि हातात किती प्रसंग ते मोजून बघा. एकच नायिका मध्यभागी ठेवली की हे होणारच. कॅप्टन नसलेली नायिका ही कल्पना मला आवडली होती, पण मग बाकीच्यांना निदान एकेक भाग द्यायचा.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, येते.

आर्द्रा
कल्बरबद्दल कोणीच लिहिलं नाही? टीव्हीवरच्या स्टार ट्रेकमधलं पहिलं उघड समलिंगी जोडपं, स्टॅमेट्स आणि कल्बर. आणि दहाव्या भागात कल्बरची मान मोडली. त्यावर जे दुखावले ते मालिकेचे विरोधक नव्हते, सगळ्यात मोठे समर्थक होते. दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात तो परत आला, पण मध्ये वर्षभर गेलं. "चाहते दोन गटांत" म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही. पाच-सहा गट होते आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

टपालपेटी
आणि सातवा गट, ज्यांचा सगळा राग नेटफ्लिक्स-पॅरामाउंटवर. नोव्हेंबर २०२१, चौथा सीझन दोन दिवसांवर आलेला आणि अमेरिकेबाहेर नेटफ्लिक्सवरून अख्खी मालिका गायब. जे भांडून भांडून तिची बाजू घेत होते तेच वाऱ्यावर.

निळीमांजर
मी एकही भाग बघितला नाहीये पण धागा मस्त चाललाय 😀 कुठून सुरू करू?

काळाकोळसा
तुमच्या आवडीवर आहे. सलग मोठी गोष्ट आवडत असेल तर पहिल्यापासून, पण पहिले दोन भाग एका बैठकीत संपवा आणि पाचव्यापर्यंत मत बनवू नका. भागागणिक वेगळी गोष्ट हवी असेल तर पहिल्या सीझनचा सातवा आधी लावून बघा. कालचक्रात तोच अर्धा तास परत परत घडतो, त्यातला भामटा हॅरी मड धमाल आहे. तो नाही आवडला तर पुढे जाऊ नका.

भाचीला फक्त पाईक हवाय, तिला दुसऱ्या सीझनचे १, २, ८, १२, १३, १४. आठवा सुरू होतो तो १९६०च्या दशकातल्या मूळ चित्रीकरणाच्या तुकड्यांनी, ते बघून जुनं-नवं कसं जोडलंय ते कळतं. मग जुन्या मालिकेतला 'द मेनॅजरी' (१९६६, दोन भाग). आणि त्यानंतर 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' परत पहिल्यापासून.

कोथिंबीर_जुडी
सारू (जहाजावरचा परग्रहवासी अधिकारी) आवडणाऱ्यांनी दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागाआधी 'शॉर्ट ट्रेक्स' या छोट्या भागांमधला 'द ब्रायटेस्ट स्टार' बघा, पंधरा मिनिटांचा आहे. 'कॅलिप्सो' मात्र शेवटासाठी राखून ठेवा, अगदी शेवटच्या भागाचा शेवट त्याला जोडलाय. नाही बघितला तर ते जहाज एकटं का सोडून दिलं ते डोक्यावरून जातं.

निळीमांजर
सातवा भाग आज रात्री. नेटवरचे स्टार बघून ठरवायचं होतं पण तिथे एक आणि पाचच दिसतात

टपालपेटी
दोन, तीन आणि चार स्टारवालेच वाचा. एक आणि पाचवाले बहुतेक पहिल्या दोन भागांनंतर किंवा बघण्याआधीच लिहून मोकळे झालेले असतात. तारीख पण बघा, सीझन सुरू झाला त्या आठवड्यातलं काहीही धरू नका.

वामकुक्षी
'ऑरव्हिल' या स्टार ट्रेकसारख्याच मालिकेबद्दल वेगळा धागा काढा कुणीतरी. दोन आठवडे आधी, १० सप्टेंबर २०१७ ला आली, आणि पुढची दोन वर्षं लोक तिला 'डिस्कव्हरी'च्या डोक्यात हाणायला वापरत होते. बिचारीकडे मालिका म्हणून कोणी बघितलंच नाही.

मोडकाफोन
काढा काढा. आणि 'एंटरप्राइज'च्या शीर्षकगीतावर पण एक, मला ते आवडतं, काय करायचं ते करा