विषय: विमान शनिवारी ०२:०० – सांगलीहून निघायचं कधी? (तातडीचं)

नीला, हॅरो (लंडन):
नमस्कार मंडळी, आई-बाबांचं तिकीट आलं. मुंबई शनिवार ०२:००, हीथ्रो शनिवार ०७:००. बाबांनी गाडीवाल्याला शनिवारी दुपारी बाराला विश्रामबागेत बोलावलंय. फोनवर तीनदा सांगितलं, पण ते म्हणतात, "शनिवारी रात्रीचंच ना?" सध्या सांगलीत कोण आहे? घरी जाऊन समजावाल का? शिवाय शनिवारी सकाळी माझी ड्यूटी आहे, हीथ्रोला कुणी जाईल का?

विनायक:
नीलाताई, तिकीट पुन्हा बघा. दोन ते सात म्हणजे पाच तास. पाच तासांत लंडन येतं होय?

मंदार:
विनायकराव, सात इथले, लंडनचे. आत्ता भारत साडेचार तास पुढे आहे, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे गेली की फरक साडेपाचाचा होईल, परतीचं तिकीट काढताना लक्षात ठेवा. परतताना वारा पाठीशी असतो, अर्धा-पाऊण तास वाचतो.

विनायक:
पण अंतर किती? माझ्या वहीत ३,९०० मैल आहे. १.६ नं गुणलं तर ६,२४० किमी. एवढ्याला साडेनऊ तास?

मंदार:
ते सागरी मैल. १.८५२ नं गुणा, ७,२०० च्या आसपास येईल. शिवाय विमान भारतीय कंपनीचं असेल तर एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानवरून जाता येत नाही, अरबी समुद्रावरून वळसा पडतो.

अविनाश:
हीथ्रोला कुणाला आणायला कोण जाणार, ती यादी गेली सहा वर्षं मी सांभाळतोय. आधी मला कळवत जा, नाहीतर एकाच विमानाला दोन गाड्या जातात. शनिवारी मी जातो. नीला, फ्लाइट नंबर पाठव.

शुभदा (सध्या सांगली, गावभाग):
अहो, अंतर राहू द्या, वाराचं बघा! आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. बाबांच्या हिशेबी रात्री दोनला शुक्रवारच असतो, म्हणून तिकिटावरचा शनिवार म्हणजे शनिवारची रात्र असं त्यांना वाटतं. माझ्या सासऱ्यांचं नेमकं हेच झालं. सगळे नटूनथटून विमानतळावर पोचले तेव्हा विमान जाऊन वीस तास झाले होते. मामंजी बाकावर बसून राहिले, कुणाशी बोलेनात. तिकीट नव्यानं काढावं लागलं. मी उद्या सकाळी जाते.

प्रकाश:
मुंबई पावणेचारशे किलोमीटर, पण पुण्याचा बायपास आणि खंडाळा धरून आठ तास धरा. विमानतळावर शुक्रवारी रात्री अकराला हवेत. शुक्रवारी सकाळी दहाला निघा. त्याहून बरं म्हणजे गुरुवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादर, दिवसभर आराम.

नीला:
प्रकाशदादा, आईचे गुडघे बघता गाडीच बरी. अविनाशदादा, नंबर पाठवला. चुकलं माझं, आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं.

शुभदा:
जाऊन आले. तारीख-वार सांगत बसले नाही. "शुक्रवारचं रात्रीचं जेवण झालं की विमान" एवढंच म्हटलं, लगेच पटलं. कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकटीत लिहिलं, गाडीवाल्याला माझ्यासमोर सकाळी दहाची वेळ दिली. आई विचारतायत, भडंग किती आणि पेढे किती?

विनायक:
पेढे नकोत, दुधाचे पदार्थ इथं आणता येत नाहीत. भडंग दोन किलो, त्यातलं अर्धं माझं.