जैसलमेरला निघण्याआधी सगळ्यांनी वाचा
शमाकाकू: सम गावाजवळ तंबूत राहायचं ठरलंय म्हणे. सगळी वाळूच ना तिथे? साप निघतात का रे?

बंटी: काकू, डोकं त्रिकोणी असलं तरच विषारी. एवढं लक्षात ठेवा.

सुहासदादा: बंटी, हे डोक्यातून काढ. मण्यारीचं डोकं त्रिकोणी नसतं आणि ती किती जहाल! उलट डुरक्या घोणस बिनविषारी, पण तिला घोणस समजून लोक ठेचतात. तीन वर्षं पवनचक्क्यांच्या साइटवर आहे, तिथलं सांगतो.
तिथे मुख्य भीती फुरशाची. हो काकू, आपल्या रत्नागिरीच्या कातळावरचंच. थरमधलं जरा मोठं, रंगाने वाळूसारखं फिकं. हात-दीड हात लांब, दोन्ही कुशींना पांढरी नागमोडी रेघ. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासतं आणि तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज येतो. तो ऐकला की जागीच थांबा, कुठून येतोय ते बघा, मग मागे सरका.

विजूआत्या: पण अंधारात ओळखायचं कसं?

सुहासदादा: ओळखायला जायचंच नाही, आत्या. ते वाळूत अंग पुरून बसतं, नुसतं डोकं वर. चांदण्यात अनवाणी चालावंसं वाटेल, पण घोटा झाकणारे बूट आणि हातात बॅटरी हवीच. शेकोटीची लाकडं मुलांना उचलायला लावू नका.
झोपताना मण्यारीची काळजी. ती झोपेत चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. तिकडे म्हणतात, ‘पीवणा’ साप झोपलेल्याचा श्वास पितो. सकाळी पोटात कळा, पापण्या जड, मग श्वासच अडतो. खाली झोपू नका. खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

शमाकाकू: आणि चावलाच तर? गावी आम्ही वरती करकचून दोरी बांधायचो.

सुहासदादा: नको काकू, अजिबात नको. आमच्या एका कामगाराने केबलच्या वेटोळ्यात हात घातला. बोटावर दोन टिंबं, म्हणून हसण्यावारी नेलं. कोणीतरी दोरी बांधली, हात टम्म सुजला. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, गोठलंच नाही. वाचला, पण बरेच दिवस गेले.
चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, हाड मोडल्यासारखा हात फळीला बांधून स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ लावा. सापामागे धावू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर इंजेक्शन एकच. मात्र ते बनवायला लागणारं विष बहुतेक तमिळनाडूच्या सापांचं असतं, म्हणून थरच्या फुरशावर ते इंजेक्शन कमी लागू पडतं. म्हणून तासभरही वाया घालवायचा नाही. समहून जैसलमेर चाळीस किलोमीटर आहे, रात्रीसाठी एक गाडी तंबूपाशीच थांबवा.

विजूआत्या: मच्छरदाण्या मी आणते, चार. मुलांच्या बुटांचं कोण बघतंय?

बंटी: मी बघतो. आणि दादा, तो त्रिकोणी डोक्याचा मेसेज मी शाळेच्या ग्रुपवरही टाकला होता, तिथे आत्ताच चूक कळवली.