गिटार आणि आबांची नव्वदची कॅसेट

बी-२०२ काकू: नमस्कार मंडळी. वरच्या फ्लॅटमध्ये रोज ऐन दिवाबत्तीच्या वेळेला गिटार सुरू होते. मुलगा गुणी आहे हो, पण आमच्या पलंगाला हादरे बसतात. सासूबाईंना बीपीचा त्रास आहे.

सेक्रेटरी: मलाही दोन फोन आले. वाद्यं बंद असा नियम करायचा का, रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ.

बी-३०२ वहिनी: काकू, माफ करा. दहावीचं वर्ष, सांगून दमलो आम्ही. गिटार विकूनच टाकू म्हणतायत हे.

ए-४०१: वहिनी, विकू नका. जरा लांबलचक लिहितोय, पण वाचा.

१९९१ साली मी अकरावीला होतो. कॉलेजात रॉक ऐकणारे आम्ही तिघंच. मोती चौकाजवळ एक जण कॅसेट भरून द्यायचा. चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायची, आठवड्यानं कॅसेट मिळायची. रीळ गुंतलं की पेन्सिल घालून गुंडाळायचं, चुरगळलेला भाग नखानं सपाट करायचा. तेवढ्या जागी गाणं पाण्याखाली गेल्यासारखं ऐकू यायचं.

माझ्या साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पहिल्या बाजूला शेवटचं गाणं क्वीन या इंग्लिश बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. पावणेसहा मिनिटांच्याही वर जातं ते. आधी नुसते गळे, मग पियानो, मग ऑपेरासारखा कल्लोळ, आणि गिटार उसळी घेते न घेते तोच खट्! बाजू संपली. पुढं काय होतं ते मला कित्येक महिने माहीत नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा एसटीत कंडक्टर, वाई-पाचगणीवरनं जाणाऱ्या महाबळेश्वर गाडीवर. ड्युटीवरून आले की पहिलं काम टेप बंद. "काय बोंबलतोय त्यो," म्हणायचे.

त्या नोव्हेंबरात, २४ तारखेला, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला. मी रडलो होतो, आजही सांगायला लाज वाटत नाही. बातमी आबांना वाचून दाखवली. मूळ नाव फारुख बलसारा, पारशी, जन्म झांझिबारचा. आठ वर्षांचा असताना पाचगणीला सेंट पीटर्सच्या बोर्डिंगात आला. पियानो तिथं शिकला, शाळेतल्या पोरांबरोबर पहिला बँड काढला तोही तिथंच. आपल्या घाटावर!

आबांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि विचारलं, "साल काय त्याचं?" म्हटलं, १९४६. आबांचंही तेच. म्हणाले, "तवा मी वाईला शाळेत होतो. ती बोर्डिंगची पोरं ट्रंका घिऊन गाडीत बसलेली दिसायची. एवढी एवढीशी. आईबाप कुठल्या कुठं."

पुढच्या पगाराला त्यांनी नव्वदची कोरी कॅसेट आणली. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. "ह्यात पुरं बसंल बघ."

भरून आणली त्या दिवशी ते शेजारी बसले. सगळ्या गदारोळानंतर ते गाणं पुन्हा पियानोवर उतरतं, हळू हळू होत जातं आणि अगदी शेवटी घंटेसारखा एकच टोल पडतो. आबा म्हणाले, "देवळातल्यावानी वाजली." रॉक त्यांना कधीच आवडलं नाही, पण टेप परत कधी बंद केला नाही.

आता मुद्द्याचं. काकूंचं म्हणणं रास्त आहे. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, फरशीवर असला की हादरा स्लॅबमधून खाली उतरतो. तो स्टुलावर ठेवा, खाली जाड फोम घाला, बेस कमी करा. लहान ॲम्पला बहुतेक वेळा हेडफोन लावायची सोय असते. दिवाबत्तीला हेडफोनवरच वाजव म्हणावं. आणि शनिवार-रविवार दुपारी माझ्याकडे ये. खालचा ए-३०१ रिकामाच आहे, मोकळेपणानं वाजव.

बी-२०२ काकू: हेडफोनचं जमत असेल तर माझी काही हरकत नाही. भाऊ, आबा म्हणजे गेटजवळच्या बाकावर बसायचे तेच ना?

ए-४०१: तेच, काकू.

सेक्रेटरी: विषय मीटिंगमधून काढतो.

बी-३०२ वहिनी: ॲम्पला हेडफोनची जागा आहे, आत्ताच बघितलं. भाऊजी, तो विचारतोय, ती कॅसेट आहे का अजून?

ए-४०१: आहे. टेपचा बेल्ट गेलाय, पोवई नाक्यावर दुरुस्तीला टाकलाय. शनिवारी मिळेल. त्याला म्हणावं चारला ये.