अ‍ॅसिएरा एफ ३ मिलिंग मशीन मिळतंय, पण पेटीचे पैसे वेगळे मागतोय

गिअरवेडा
मंडळी नमस्कार, मी सध्या स्वित्झर्लंडमधे बिएलला असतो. इकडे ज्युराच्या डोंगरात घड्याळाचे पार्ट बनवणाऱ्या एका आजोबांनी वर्कशॉप बंद केलंय आणि त्यांचं अ‍ॅसिएरा एफ ३ विकायला काढलंय, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापायचं मिलिंग मशीन, इथल्याच ल लोक्ल गावात बनलेलं ओरिजिनल. मला वाफेच्या इंजिनाची मॉडेल्स करायची आहेत, छोटे गिअर कापायचेत. मशीन परवडतंय पण अ‍ॅक्सेसरीजची लाकडी पेटी आहे तिचे जवळजवळ तेवढेच पैसे वेगळे सांगतायत. पेटी सोडून नुसतं मशीन घेऊ का? आणि एक, टेबल पुढे-मागे सरकतच नाहीये, जाम झालं असेल का? मोटर थ्री फेज आहे, माझ्या तळघरात सिंगल फेजच आहे.

जुना टूलरूमवाला (भोसरी)
अरे टेबल जाम नाहीये, या मशीनला टेबल फक्त डावी-उजवीकडे आणि वर-खाली जातं, पुढे-मागे वरचं हेड सरकतं, डेकेल एफपी १ या जर्मन मिलिंग मशीनसारखंच. आडवं टेबल खोलून काढलंस तर मागे टी-स्लॉटवाला (टी आकाराच्या खाचांचा) उभा फेस दिसेल, जॉब डायरेक्ट त्याच्यावरही बांधता येतो. पेटी सोडू नकोस बाबा. नुसतं मशीन घेऊन करणार काय, एंडमिल (उभा दांड्यासारखा कटर) धरायला कॉलेट, म्हणजे आवळून धरणारी चिरा पाडलेली नळी, तर पाहिजे.

स्टुटगार्टकर
काकांचं बरोबर आहे पण कॉलेटसाठी पेटी घ्यायची गरज नाही. एफ ३ ला डब्ल्यू २० कॉलेट लागतात, शॉब्लिन १०२ लेथला चालतात त्याच, त्या अजून नव्या बनतात आणि जुन्या तर इकडे ढिगाने मिळतात. डब्ल्यू २० शँकचा ईआर चक (वेगवेगळ्या मापाचे कटर धरणारा) घेतलास तरी काम भागतं. जे बाहेर मिळत नाही ते आधी बघ: व्हर्टिकल हेड, आडवं टेबल, वरचा ओव्हरआर्म (आर्बरचं, म्हणजे कटर बसवायच्या आडव्या दांड्याचं, बाहेरचं टोक धरणारा हात) आणि त्याचा सपोर्ट, ड्रॉबार (कॉलेट मागून ओढून धरणारा दांडा). यातलं काही पेटीत असेल तर पैसे मोजून मोकळा हो. ओव्हरआर्म नसेल तर आर्बरवर गिअर कटर लावायचा विसर, लोक हे नंतर वर्षानुवर्षं शोधत बसतात आणि तोपर्यंत मशीनवर ताडपत्री.

फेजवाला
मोटरच्या प्लेटवर २२०/३८० लिहिलंय का? असेल तर मोटर डेल्टामधे (तिन्ही कॉइल त्रिकोणात) जोड आणि सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी ड्राइव्ह लाव, २३० मधे आरामात चालेल. प्लेटवर नुसतं ३८० असेल किंवा दोन स्पीड लिहिले असतील तर आधी टर्मिनल बॉक्सचा फोटो टाक, दोन स्पीडच्या मोटरला हे असं सरळ होत नाही. आणि व्हीएफडी आणि मोटरच्या मधे जुना स्विच ठेवू नको, चालू मोटर त्या स्विचने तोडलीस तर ड्राइव्ह जाईल. स्पीड बेल्टनेच बदल, व्हीएफडीने फार खाली आणलास तर जोर राहत नाही.

गिअरवेडा
प्लेटवर २२०/३८०, एकच स्पीड! पेटीत ओव्हरआर्म सपोर्टसह आहे, एक डिव्हायडिंग हेड (जॉब सारख्या भागांत फिरवणारं), थोड्या कॉलेट आणि एक ओळखू न येणारी वस्तू. व्हर्टिकल हेड मशीनवरच आहे. बघायला जाताना काय नेऊ?

जुना टूलरूमवाला (भोसरी)
मग घे रे पेटी, घासाघीस कॉलेटच्या नावाने कर. जाताना मॅग्नेटिक स्टँड आणि लिव्हर डायल (बारीक फरक दाखवणारं गेज) ने. आधी स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) आतल्या टेपरवर डायल लावून हाताने फिरव, कॉलेट घालून बघू नको, कॉलेटची चूक स्पिंडलच्या माथी बसेल. बॅकलॅश (हँडल उलटं फिरवल्यावर येणारा रिकामा खेळ) टेबलच्या मधोमध बघ आणि टोकाला पण बघ, मधे जास्त आला तर स्क्रू झिजलाय. मधे सैल म्हणून जिब (सरकत्या भागातली ढिलाई काढणारी पट्टी) आवळली तर टोकाला जाम होईल हे लक्षात ठेव.
डिव्हायडिंग हेडचा रेशो हँडल फिरवून मोज, आउटपुटच्या एका फेऱ्याला किती फिरतं ते. ४० आला तर २८ दातांच्या गिअरला दर दाताला हँडलचा एक पूर्ण फेरा आणि इंडेक्स प्लेटच्या (भोकांची वर्तुळं असलेल्या चकतीच्या) २१ भोकांच्या वर्तुळात ९ भोकं पुढे, ६० आला तर दोन फेरे आणि ३ भोकं. इंडेक्स प्लेट्स पेटीत आहेत ना बघ, त्या नसल्या तर अजून पैसे कमी कर म्हणावं.

स्टुटगार्टकर
त्या न ओळखलेल्या वस्तूचा फोटो टाक. स्लॉटिंग हेड (वर-खाली हलणाऱ्या टूलने खाचा पाडणारं) निघालं तर आजोबांना काही बोलू नको, गपचूप पैसे दे 😄